बातमी द्या, हिशेब मागू नका: आयर्लंडहून मुलं लांब गेलेल्या आईबापांसाठी

मी २००४ साली नर्स म्हणून आयर्लंडला आले. तेव्हा लांब जाणारी मी होते आणि रावेरच्या घरी फोनजवळ बसून राहणारी माझी आई. तीन वर्षांपूर्वी माझी लेक इथून, मेयो काउंटीतल्या कॅसलबारहून, सिडनीला गेली आणि फोनजवळची ती जागा माझ्या वाट्याला आली. पहिले दोन महिने मी दिवसाला चार-चार मेसेज पाठवत होते. जेवलीस का, घरी पोचलीस का, उत्तर का देत नाहीस. तिची उत्तरं आखडत आखडत एका शब्दावर आली. "हो." "बरी." मग नुसता अंगठा.

मला ताळ्यावर आणलं शेजारणीने. तिची तिन्ही मुलं बाहेर आहेत. थोरला सिडनीत, मधला टोरांटोत, धाकटी दुबईत शिक्षिका. ती स्वतः ऐंशीच्या दशकात बोस्टनला गेली आणि दहा वर्षांनी परत आली, त्यामुळे तिला दोन्ही बाजू ठाऊक. तिच्या ओट्याशी बसून मी रडगाणं गायले, तेव्हा ती चहा ओतता ओतता म्हणाली, "तू तिला प्रश्न विचारतेस. तिला बातम्या दे."

इथे वाढलेली आपली मुलंही आता त्यांच्या आयरिश वर्गमित्रांसारखीच ऑस्ट्रेलिया, कॅनडा, दुबईची वाट धरू लागली आहेत. ज्यांच्या घरातून नुकतंच कुणी गेलं आहे किंवा जाणार आहे, त्या मराठी आईबापांसाठी हे लिहिते आहे. यातलं बरंचसं शेजारणीचं आणि तिच्या मैत्रिणींचं, थोडं माझं.

या बायकांना हे कुठून येतं, ते आधी सांगते. १८४८ ते १९५० या शंभर वर्षांत आयर्लंडमधून ६० लाखांहून जास्त माणसं बाहेर गेली, त्यातली सुमारे २५ लाख एकट्या कोव्ह बंदरातून. मयताच्या घरी रात्रभर बसतात त्याला इथे 'वेक' म्हणतात. पोरगं अमेरिकेला निघालं की आदल्या रात्री तसाच जागर व्हायचा, आणि त्याचं नावच होतं 'अमेरिकन वेक'. गेलेला पुन्हा दिसणार नाही हे सगळ्यांना माहीत असायचं. पुढे उरायचं ते पत्र. शेजारणीच्या वेळेपर्यंत त्याची जागा फोनने घेतली होती, पण घरोघरी फोन नव्हता. रविवारी ठरलेल्या वेळी तिची आई गावातल्या टेलिफोन बूथशी जाऊन उभी राहायची आणि ती बोस्टनहून तिथे फोन लावायची. १९९० मध्ये मेरी रॉबिन्सन राष्ट्राध्यक्ष झाल्या, तेव्हा त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, परदेशी गेलेल्या सगळ्यांसाठी, कायम जळणारा दिवा ठेवला. शेजारीण त्याबद्दल बोलते तेव्हा आजही तिचा आवाज बदलतो.

निघण्याआधी

सामान भरण्याच्या धांदलीत कागदं राहतात. पासपोर्ट, व्हिसा, विमा, पदवीची प्रमाणपत्रं, लसींची नोंद, सगळ्याचे फोटो तुमच्याकडे आणि मुलाकडे, दोन्हीकडे हवेत. इथलं बँक खातं बंद करू देऊ नका. बँकेचे ओटीपी आयरिश नंबरवर येतात, म्हणून तो नंबर चालू राहील अशी सोय करा. स्वस्तातलं प्रीपेड सिम पुरतं.

मग एक चिठ्ठी करून फ्रिजवर लावा. राहण्याचा पत्ता, बरोबर राहणाऱ्या एका माणसाचा नंबर, कामाच्या ठिकाणचा नंबर. हे पहिल्याच आठवड्यात मागून घ्या, कारण तेव्हा मूल आनंदाने देतं. सहा महिन्यांनी मागितलंत तर पाळत ठेवल्यासारखं वाटतं. घर बदललं की चिठ्ठी बदला. माझ्या चिठ्ठीवर आता चौथा पत्ता आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलून ठरवा: किती दिवस काहीच कळलं नाही तर काळजी करायची? आमचं पाच दिवस ठरलं आहे. त्या आत मी गप्प बसते. पाच दिवस उलटले तर आधी मैत्रिणीला मेसेज, मग कामाच्या ठिकाणी फोन. ही मर्यादा ठरल्यापासून मला झोप लागायला लागली आणि तिच्या मानेवरचं ओझं उतरलं. खरोखरची अडचण आलीच तर डब्लिनचं परराष्ट्र खातं आणि तिथला आयरिश दूतावास मदत करतो. त्याशिवाय सिडनीत आयरिश सपोर्ट एजन्सी आणि पर्थमध्ये क्लाडा असोसिएशन या तिथल्या आयरिश लोकांच्याच संस्था आहेत. तुमचं मूल आयरिश नागरिक असेल तर नाव कुलकर्णी आहे की मर्फी, याने फरक पडत नाही. हे मुलांना आधीच सांगून ठेवा, आपली मुलं उगाच संकोचतात.

घड्याळ

इथे पुष्कळांची गफलत होते, म्हणून नीट सांगते. आयर्लंडची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. सिडनीची उलटी, कारण तिथला उन्हाळा आपल्या हिवाळ्यात. तिथे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ पुढे जातं, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. म्हणून आपल्या हिवाळ्यात सिडनी ११ तास पुढे, उन्हाळ्यात ९ तास, आणि मधल्या आठवड्यांत १०. पर्थ आणि क्वीन्सलंड घड्याळाला हातच लावत नाहीत. पर्थ हिवाळ्यात ८ आणि उन्हाळ्यात ७ तास पुढे, क्वीन्सलंडमधलं ब्रिस्बेन १० आणि ९. दुबई ४ आणि ३. टोरांटो ५ तास मागे, पण तिथली घड्याळं मार्चमध्ये आपल्याआधी बदलतात आणि शरद ऋतूत आपल्यानंतर, त्यामुळे वर्षातून थोडे दिवस फरक ४ तासांवर येतो. त्या दिवसांत शेजारीण दरवर्षी मधल्याला तासभर चुकीच्या वेळी गाठते.

एवढं पाठ करायचं नसेल तर सिडनीसाठी एकच वेळ धरा: रविवारी सकाळी ९. तिथे ऋतूप्रमाणे संध्याकाळचे ६, ७ किंवा ८ वाजलेले असतात आणि तिन्ही वेळा सोयीच्या आहेत. शिवाय त्या वेळी भारतात दुपारचे दीड किंवा अडीच झालेले असतात. आजी जेवून, आडवी होण्याआधी फोनवर येऊ शकते. आमचा रावेर, कॅसलबार, सिडनी असा तिहेरी फोन याच वेळेला लागतो. टोरांटोसाठी रविवारी संध्याकाळी ६ बरी, तिथे दुपार असते.

शेजारणीच्या ओट्यावर तीन स्वस्तातली घड्याळं एका ओळीत आहेत, खाली मुलांची नावं चिकटवलेली. फोनमध्ये सगळं दिसतं हे तिला माहीत आहे. पण भांडी घासताना मान वर केली की थोरला आता झोपला असेल हे दिसतं, ते तिला हवं असतं. मीही एक लावलं.

वही

या साऱ्यातली मुख्य गोष्ट ही. शेजारणीच्या किटलीशेजारी एक छोटी वही आणि दोरीने बांधलेलं पेन असतं. आठवडाभर गावात जे घडेल ते ती एका ओळीत टिपते. कुणाच्या गाईला जुळं झालं, चौकातला रस्ता पुन्हा खणला, शाळेच्या मास्तरीणबाई निवृत्त झाल्या, चर्चच्या छपराची वर्गणी कुठवर आली. रविवारी फोन लागला की ती वही उघडते आणि बोलत सुटते. पाच-सात मिनिटं मुलगा नुसता ऐकतो. मग मध्येच हसतो, "कोण, तो लाल गाडीवाला?" आणि तिथून त्याचं तोंड उघडतं. त्याच्या पोटातलं, घरभाड्याचं, बॉसचं, मोडलेल्या प्रेमाचं, जे काही असेल ते विसाव्या मिनिटाला आपोआप बाहेर येतं. तिने एकही प्रश्न विचारलेला नसतो.

मी आधी मानलं नाही. मला वाटलं, माझ्या लेकीला कुणाच्या गाईचं काय? पण करून पाहिलं. प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. थकून घरी आलेल्या मुलाला तो आणखी एक हिशेब वाटतो. बातमी ऐकताना त्याला काहीच करावं लागत नाही, आणि आपण अजून त्या गल्लीतलेच आहोत एवढं त्याला कळतं. जुन्या पत्रांतही आया हेच लिहीत असणार: पाऊस, पीक, लग्नं, मयतं.

वहीत काय लिहायचं याचा माझा नियम असा की गोष्ट बारीक हवी आणि नावगावासकट हवी. 'इकडे सगळं ठीक' ही बातमी झाली नाही. 'गेल्या मंगळवारी गारा पडल्या आणि तुझ्या खोलीच्या खिडकीशी गुलाबाची फांदी मोडली' ही झाली. दोन बातम्या रावेरच्या, बाकी इथल्या. तिचं बालपण इथे गेलं आहे, हे आपण विसरतो आणि सारखं तिकडचंच सांगत बसतो. तिला कॅसलबार आठवतं. मेयोच्या गेलिक, म्हणजे आयरिश पद्धतीच्या, फुटबॉलच्या संघाने ऑल-आयर्लंड चषक १९५१ नंतर जिंकलेला नाही, तरी दर उन्हाळ्यात हे सगळं गाव आशेने पेटतं. दुपारी साडेतीनचा सामना तिथे रात्री साडेबाराला सुरू होतो आणि ती जागून पाहते. मला त्या खेळातलं फारसं कळत नाही, पण सामन्याच्या दिवशी चौकातल्या हिरव्या-लाल झेंड्यांचा फोटो पाठवायचं मी चुकवत नाही.

एक प्रश्न मात्र पूर्ण बंद: "कधी येणार?" तिकिटाला पैसे लागतात, रजा मिळावी लागते, आणि उत्तर नसलं की मूल पुढचा फोन टाळतं. शेजारीण म्हणते, नाताळच्या आधी डब्लिन विमानतळावर आगमनाच्या दाराशी जी गर्दी जमते, त्यातल्या एकाही आईने विचारून पोरगं आणलेलं नाही.

मधल्या दिवसांत काय? व्हॉट्सअॅपवर आवाजी संदेश पाठवा, एक-दीड मिनिटाचा, उत्तराची अपेक्षा न ठेवता. 'उत्तर देऊ नकोस, नुसतं सांगतेय' असं सुरुवातीलाच म्हणा. घरच्या मोठ्या ग्रुपवर मुलाची खासगी गोष्ट टाकू नका. त्याने तुम्हाला सांगितलेलं मामाला कळलं की पुढचं तुम्हालाही कळत नाही.

८८ दिवस

ऑस्ट्रेलियाला जाणारी बरीचशी मुलं वर्किंग हॉलिडे व्हिसावर जातात. आयरिश पासपोर्टवर तो वयाच्या पस्तिशीपर्यंत मिळतो. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर शहरापासून लांब, ठरावीक भागात ८८ दिवस ठरावीक प्रकारचं काम करावं लागतं: शेती, फळतोडणी, बांधकाम वगैरे. या दिवसांची आईबापांना आधी कल्पना हवी. रेंज नसते, वसतिगृहासारख्या जागी दाटीवाटीने राहावं लागतं, काम अंगमोड असतं. काही ठिकाणी मालक फसवतात, म्हणून पगाराच्या चिठ्ठ्या आणि कामाच्या तारखा जपून ठेवायला सांगा. व्हिसासाठी तोच पुरावा लागतो. आणि गप्प राहण्याची मर्यादा या काळात वाढवा. आम्ही पाचाचे दहा दिवस केले.

माझी लेक क्वीन्सलंडच्या उत्तरेला केळीच्या बागेत गेली. आम्ही जळगाव जिल्ह्यातले, माझ्या माहेरी केळीच आहे. खूप दिवसांनी रेंज मिळाली तेव्हा तिने आधी मला फोन केला नाही, आजीला केला. घड किती वजनाचा असतो, तो खांद्यावर कसा घ्यायचा, चिकाचे डाग कसे जातात. आजी म्हणाली, चिकाचे डाग जात नाहीत बाई, केळीच्या कामाला जुनेच कपडे घालायचे. मग मृगबाग, कांदेबाग हे केळी लावायचे आपले हंगाम, तिकडे लावण कधी करतात, अशा दोघींच्या पाऊण तास गप्पा झाल्या. त्या मुलीला मराठीत पाऊण तास बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

पार्सल

आयरिश आईचं पार्सल ठरलेलं असतं: बॅरीज चहाचा मोठा डबा, टेटोचे चीज-कांद्याचे वेफर्स, कॅडबरीची इथली चॉकलेटं, बिस्किटं, काउंटीच्या संघाची जर्सी, आणि मध्ये घडी करून ठेवलेलं स्थानिक वर्तमानपत्र. यातलं बरंच काही सिडनीत दुकानात मिळतं. तरीही पाठवतात, आणि मला ते पटतं. वर्तमानपत्र तर नक्की घाला. मुलं आधी त्यात काय गुंडाळलंय ते पाहतात आणि मग जमिनीवर बसून सगळं पान वाचतात.

युरोपीय संघाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक पार्सलला सीमाशुल्काचा तपशील भरावा लागतो, २०२१ पासून ब्रिटनलासुद्धा. प्रत्येक वस्तू वेगळी लिहा, नग, वजन, किंमत. 'खाऊ' किंवा 'भेटवस्तू' एवढं लिहून चालत नाही. मी पहिल्या दिवाळीला बेसनाचे लाडू पाठवले आणि फॉर्मवर नुसतं 'मिठाई' लिहिलं. लाडू सीमेवरच नष्ट झाले आणि लेकीच्या हाती तसं पत्र आलं. ती रडली, मीही. ऑस्ट्रेलिया शेती आणि जनावरांच्या रोगांबाबत फार कडक आहे. मांस, दुधाचे पदार्थ, बिया, ताजी फळं-भाज्या यांच्यावर बंदी किंवा कडक अटी आहेत, घरी केलेल्या पदार्थाची खात्री देता येत नाही. त्यामुळे इथल्या आया आपल्या प्रसिद्ध काळ्या पुडिंगचा (डुकराच्या रक्ताचं सॉसेज) नाद करत नाहीत, तसा आपण तुपाच्या पदार्थांचा सोडावा. पाठवण्याआधी ऑस्ट्रेलिया सरकारच्या साइटवर तो पदार्थ शोधून पाहा. लाडूची कृती आता मी व्हिडिओ कॉलवर दाखवते, बेसन ती तिकडेच भाजते. खमंग वास सुटला का, हे एवढंच मला इथून कळत नाही, ते तिलाच सांगावं लागतं.

नाताळसाठी अॅन पोस्ट, म्हणजे इथलं टपाल खातं, दरवर्षी शेवटच्या तारखा जाहीर करतं. त्या तारखेची वाट पाहू नका. मी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टाकून मोकळी होते.

वाईट बातमी

आयर्लंडमध्ये मयताची माहिती आरआयपी डॉट आयई या साइटवर येते. २००५ पासून ती चालू आहे आणि इथली पिकली माणसं सकाळी चहाबरोबर ती उघडतात. अंत्यविधी बहुतेक दोन-तीन दिवसांत उरकतो. ऑस्ट्रेलियातून निघून पोचायला एक दिवस सहज जातो, त्यामुळे कितीतरी मुलांना येता येत नाही. बऱ्याच चर्चमध्ये कॅमेरा असतो, तिथून विधी थेट दिसतो, आणि नोंदीतच त्याची लिंक देतात.

दोन वर्षांपूर्वी शेजारणीची सासू गेली. सकाळी ११ ची प्रार्थना, सिडनीत रात्रीचे १०. थोरल्याने भाड्याच्या खोलीत एकट्याने लॅपटॉपवर आजीला निरोप दिला. प्रार्थना संपली, शवपेटी बाहेर गेली, माणसं मागोमाग गेली, आणि पडद्यावर रिकामी बाकं उरली. सगळे दफनभूमीत, त्याचा फोन घ्यायला कोणी नाही. शेजारणीला हे नंतर कळलं आणि अजून सलतं.

म्हणून हे आधीच ठरवून ठेवा. अशा वेळी घरातला किंवा शेजारातला एक माणूस फक्त लांबच्या मुलांसाठी नेमायचा. विधी संपला रे संपला की त्याने फोन करायचा, दफनभूमीत नाहीतर स्मशानात फोन हातात धरून बरोबर चालायचं, नंतरच्या चहापर्यंत लाइनवर राहायचं. तिकडेही कुणा मित्राला त्या रात्री मुलाच्या सोबतीला बसायला सांगा. माझे वडील गेले तेव्हा हे काम शेजारणीच्या मधल्याने केलं. तो तेव्हा टोरांटोहून सुट्टीवर आला होता. मी रावेरला निघाले होते, आणि तो आमच्या ओट्याशी बसून माझ्या लेकीशी बोलत राहिला.

बातमी सांगताना मेसेज करू नका. तिथली वेळ पाहा, कामावर असेल तर सुटेपर्यंत थांबा, आणि फोनच करा. दुसऱ्या कुणी ग्रुपवर टाकण्याआधी.

फसवणूक

'मम, माझा फोन पडला, हा नवा नंबर, जरा पैसे पाठव.' असे मेसेज आयर्लंडभर आईबापांना आले आहेत आणि मूल लांब असलं की माणूस पटकन फसतो. नव्या नंबरला पैसे नाहीत, आवाज ऐकल्याशिवाय तर नाहीतच. आपल्याकडे एक चांगलं हत्यार आहे: मराठीत काहीतरी घरचं विचारा. आमच्या मांजराला आजी काय म्हणते, हे जगात पाच जणांनाच माहीत आहे.

नागरिकत्वाचा एक कागद

शेजारणीला ही काळजी नाही, आपल्याला आहे. जी मुलं भारतात जन्मून इथे नागरिक झाली, त्यांनी आयर्लंडबाहेर राहताना नागरिकत्व राखण्याचा इरादा दरवर्षी नोंदवायचा असतो. न नोंदवता सलग सात वर्षं बाहेर राहिलं तर ते काढून घेण्याचा अधिकार १९५६ च्या कायद्याने मंत्र्यांना आहे. मुलांना हे बहुधा माहीत नसतं. मी लेकीच्या वाढदिवसाला केकच्या फोटोबरोबर ही आठवण पाठवते.

पुढचंही लक्षात ठेवा. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या आयरिश नागरिकाचं मूल परदेशी जन्मलं तरी जन्मतःच आयरिश असतं. आपल्या लेकीसारख्या, नंतर नागरिक झालेल्यांच्या मुलाला मात्र 'फॉरेन बर्थ्स रजिस्टर'मध्ये, म्हणजे परदेशी जन्मलेल्यांच्या सरकारी नोंदवहीत, नाव नोंदवावं लागतं, आणि मूल जन्मलं तेव्हा आई किंवा वडील आधीच नागरिक असायला हवेत. नोंद झाल्या दिवसापासून ते मूल नागरिक. डोहाळे लागले की पाळण्याच्या आधी मूळ कागद जमवायला घ्या.

आणि आज रात्रीच एक वही घेऊन किटलीशेजारी ठेवा. माझ्या वहीतलं या आठवड्याचं पान असं आहे: समोरच्यांनी दार निळं रंगवलं. लायब्ररीतल्या बाईंनी तुझी आठवण काढली. आजीने मोतीबिंदूची तारीख पुन्हा पुढे ढकलली. नदीला पूर, चालायचा रस्ता दोन दिवस बंद. शेजारणीकडे चौथं घड्याळ आलं, खाली अजून नाव नाही.